बोलक्या प्राण्यांचा गोवा: रोलप्लेइंग खेळासाठी दोन महायुद्धांमधलं जग कसं रचावं

रोलप्लेइंग खेळ म्हणजे चार-पाच जणांनी एकत्र बसून तोंडी रचलेली गोष्ट. प्रत्येकाकडे एक पात्र असतं आणि एकजण सूत्रधार असतो. सूत्रधार प्रसंग उभा करतो, बाकीचे आपलं पात्र आता काय करतंय ते सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकतात. तयार जगं विकत मिळतात, पण त्यांत बहुतेक वेळा बर्फाचे डोंगर आणि सरदारांचे किल्ले असतात. आपल्याकडे मांडवी आहे, खाजणं आहेत, त्या काळी घाटातून धापा टाकत चढणारी मीटरगेज गाडी होती. कपडे घालणारे, वर्तमानपत्र वाचणारे, कर्ज काढणारे प्राणी आणि १९१८ ते १९३९ चा काळ, असं जग गोव्याच्या जमिनीवर रचायचं असेल तर काम कोणत्या क्रमाने करावं, ते इथे सांगतो.

साहित्य थोडंच लागतं: एक जाड वही, तालुके दाखवणारा गोव्याचा नकाशा, सहा बाजूंचे तीन फासे, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक. शेवटची वस्तू विसरू नका, सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो.

आधी एक साल पक्कं करा

‘दोन महायुद्धांमधला काळ’ एवढं ठरवून भागत नाही. वीस वर्षांत जग फार बदललं. १९२० मधल्या पात्राच्या आशा आणि १९३८ मधल्या पात्राची भीती एकाच बैठकीत कोंबली की दोन्ही फिकी पडतात. मी १९३१ सुचवतो.

कारण असं. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, आणि गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकरीची, बरोबरीच्या नागरिकत्वाची दारं त्यानंतर खऱ्या अर्थाने उघडली. १९२६ मध्ये पोर्तुगालमध्ये लष्करी उठाव झाला. सालाझार १९२८ मध्ये अर्थमंत्री आणि १९३२ मध्ये पंतप्रधान झाला. मधल्या १९३० सालच्या वसाहत कायद्याने वसाहतींवरची पकड घट्ट केली. त्याच वर्षी लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात त्या कायद्याला उघड विरोध केला. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी गोवा काँग्रेस कमिटी त्याआधीच, १९२८ मध्ये स्थापन केली होती. म्हणजे १९३१ मध्ये पस्तिशीत असलेल्या माणसाने चौदाव्या वर्षी दार उघडताना पाहिलं आणि आता तो ते मिटताना पाहतोय. खेळातल्या प्रत्येक प्रौढ पात्राला ही आठवण द्या. त्याच्या बोलण्याला आपोआप वजन येईल.

त्याच सुमारास जागतिक मंदीमुळे बोटींवर आणि परमुलखात गेलेल्यांचे पैसे घरी येणं आटतंय. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि संगीत नाटक कंपन्यांच्या पायाखालची वाळू सरकू लागली. १९३१ मध्ये जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचा सोहळा झाला, म्हणजे दूरदूरहून गर्दी, वाहनं, दुकानं, खिसेकापू. यातली कोणतीही एक गोष्ट घेतली तरी दोन-तीन बैठका सहज भरतात.

दोन नियम मात्र पाळा. पात्रांना दुसरं महायुद्ध ठाऊक नाही, तेव्हा सूत्रधाराने त्याची सूचना देत बसू नये. आणि खऱ्या पुढाऱ्यांना, संतांना, देवांना शेपट्या लावू नका. परिस्थिती घ्या, माणसं तुमची तुम्ही घडवा. ज्यांच्या घरात त्या नावांबद्दल आदर आहे असा कोणी ना कोणी तुमच्या टेबलावर असतोच.

नकाशावर सगळ्यात आधी पाणी काढा

बहुतेक जण आधी राजधानी काढतात. गोव्यात तसं केलंत की जग कागदी होतं. आधी मांडवी आणि झुआरी काढा, त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा काढा, मग खाड्या, आणि मगच गावं. १९३१ मध्ये मांडवीवर पणजी-बेती असा रस्त्याचा पूल नव्हता, तो १९७० मध्ये झाला. झुआरीवरचा तर १९८३ चा. पणजी ते रायबंदर हा सतराव्या शतकातला तीन किलोमीटरचा बांधीव रस्ता तेवढा होता. बाकी सगळीकडे होडी, नाहीतर गाझोलिना, म्हणजे इंजिनवर चालणारी लाँच. पावसाळ्यात आग्वादजवळच्या वाळूच्या पट्ट्यामुळे मांडवीचं तोंड बोटींना बंद व्हायचं, मुरगाव बंदर मात्र चालू राहायचं. खलनायकाचा पाठलाग नदीकाठी येऊन थांबतो, शेवटची होडी पलीकडच्या काठाला असते: हा ताण पूल नसल्यामुळेच मिळतो. तो वाया घालवू नका.

आता खाजण. माझ्या मते गोव्यातल्या कोणत्याही खेळविश्वाचं केंद्र इथेच असावं. खाजण म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन. बांधाला चिखल, चिरे, पेंढा, बांबू लागतात. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचा दरवाजा. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की झडपा मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. आत पावसाळ्यात खारेपणा सोसणारं कोरगुट भात, आणि मानशीपाशी मासळी. त्या मासळीचा हक्क लिलावाने दिला जायचा आणि गावची जमीन गावकरी संस्थेच्या ताब्यात असायची. तिलाच पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद म्हणू लागले. बांध फुटला की शेतात खारं पाणी शिरतं आणि पुढची काही वर्षं तिथे नीट पीक येत नाही. फुटण्याची सुरुवात कितीदा तरी खेकड्याच्या बिळापासून होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला धोका सर्वांत मोठा.

यात गोष्टीला लागणारं सगळं आहे. बांधाची डागडुजी कोणी करायची? लिलाव कोण जिंकतो, कोणाच्या पैशाने? भाताला पाणी बाहेर हवं आणि मासळीला आत हवं, मग मानस रात्री कोणी उघडली? राजवाडे, गुप्त संघटना, खजिने यांच्या मागे न लागता एका बांधावर सहा महिने खेळता येतं.

वहीत एका पानावर एकच गाव काढा. नदी, बांध, मानस, देऊळ, चर्च, तावेर्न (दारूचं दुकान), भाटकाराचं (जमीनदाराचं) घर, होडीचा धक्का. दुसऱ्या पानावर मुरगाव बंदर आणि तिथून कुळ्यापर्यंत, पुढे दूधसागरावरून घाट चढून ब्रिटिश हद्दीतल्या कॅसलरॉकला जाणारी रेल्वे. वाटेत सीमा, सीमेवर जकात. तिसऱ्या पानावर ‘मुंबई’ एवढाच शब्द. धोबीतलावच्या बाजूला गोव्यातल्या एकेका गावाचे कुड, म्हणजे गाववाल्यांच्या राहण्याच्या सामाईक जागा असायच्या, बोटीवर जाणारे आणि नोकरी शोधणारे तिथे उतरायचे. पात्र कधी तिकडे गेलं तर पान भरा, आधी नको.

प्राणी मोजकेच घ्या

सहाच्या वर जाऊ नका. प्रत्येक प्राण्याबरोबर दारांची उंची, जेवण, कपडे, वाहन, सगळंच बदलतं, आणि ते लक्षात ठेवणं सूत्रधाराला जड जातं. मी पाणमांजर, उदमांजर, खवले मांजर, वटवाघूळ, मगर आणि गवा घेतो. हे सगळे गोव्याचेच रहिवासी आहेत आणि शरीरांनी एकमेकांपासून पुरेसे वेगळे आहेत.

आकाराचा प्रश्न लगेच येतो. पाणमांजर सात ते अकरा किलोचं, मोठा गवा हजार किलोच्या घरात. दोघांना एकाच उंचीचं करून टाकणं सोपं, पण मग प्राणी घेण्यात अर्थ काय राहिला? मी आकार खरे ठेवतो आणि गावाला त्याप्रमाणे वागायला लावतो. गव्याला मीटरगेजच्या प्रवासी डब्यात बसता येत नाही, तो मालडब्यातून जातो आणि तरी तिकीट पूर्ण भरतो. हा एकच तपशील सांगितला की खेळाडूला त्या जगातला अन्याय भाषणाशिवाय कळतो.

प्रत्येक प्राण्यासाठी वहीत चार ओळी लिहा: शरीराला काय सहज जमतं, काय अजिबात जमत नाही, कुठे राहतो, आणि बाकीच्यांची कोणती सोय त्याला गैरसोयीची आहे. उदाहरणादाखल वटवाघूळ. मोठ्या फळखाऊ वटवाघळाचा पंखविस्तार सव्वा-दीड मीटरपर्यंत जातो, ते रात्री दूरवर फळांच्या शोधात जातं, दिवसा शेकड्यांनी एका झाडावर लटकतं. आता ते झाड भाटकाराच्या मालकीचं आहे असं समजा. वसाहतीतलं प्रत्येक कुटुंब त्याचं मुंडकार झालं, म्हणजे त्याच्या जागेवर राहणारं कूळ. एकेका फांदीचं भाडं, भाड्याऐवजी काजूच्या हंगामात वेठ, आणि झाड तोडण्याची धमकी. गोव्यातल्या भाटकार-मुंडकार नात्याची सगळी कळ एका वडाच्या झाडात उतरते.

मगरीसाठी आपल्याकडे आधीपासून सामग्री आहे. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी राहतात, आणि फोंड्याकडच्या काही खाजणगावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा होते. तिला मांगेथापणी म्हणतात. बांधाचा राखणदार म्हणून मगरीकडे पाहणारं गाव आणि त्याच गावात होडीचं भाडं उकळणारी एक खरीखुरी मगर, यांची गाठ घालून द्या.

माणूस या जगात असावा का? माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. एकदा माणूस आला की प्रत्येक गोष्ट त्याच्याभोवती फिरू लागते.

कोण कोणाला खातो, हे पहिल्याच दिवशी सांगा

हा प्रश्न टाळला तर तिसऱ्या बैठकीला कोणीतरी विचारतोच, आणि तेव्हा घाईत दिलेलं उत्तर जगाला तडा देतं. बोलणारा प्राणी बोलणाऱ्याला खात नाही, आणि जो खातो तो खुनी, हा नियम मला पुरतो. खवले मांजराच्या मुंग्या-वाळव्या बोलत नाहीत. उदमांजराला फळं आणि सूर (माडाचा ताजा रस) चालते.

गोव्यात खरा पेच मासळीचा आहे. मासे बोलतात का? मासे बोलत असतील तर मानशीचा लिलाव हा माणसांच्या बाजारासारखा भयंकर प्रकार होतो, आणि पाणमांजराला जगायलाच जागा उरत नाही. तसलं काळोखं जग कोणाला हवं असेल तर जरूर रचावं, पण टेबलावरच्या सगळ्यांच्या संमतीने. माझ्या जगात मासे मुके आहेत. खेकड्यांचं मात्र मी मुद्दाम ठरवलेलं नाही. बांधातल्या बिळांतून रात्री काहीतरी ठोकल्यासारखा आवाज येतो, एवढंच गावाला माहीत आहे. पाणमांजरं खेकडे खातात आणि बांधही राखतात. उद्या तो आवाज भाषा ठरला तर त्यांचं काय होईल, हा प्रश्न मी खेळाडूंपुढे ठेवतो आणि उत्तर त्यांच्यावर सोडतो.

प्राणी म्हणजे जात नव्हे

हा भाग दोनदा वाचा. कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, वाघ शूर ही सवय आपल्याला लहानपणच्या गोष्टींपासून आहे. छोट्या बोधकथेत ती चालते. पण जिथे प्राण्यांना घरं, धंदे, देव आणि भांडणं आहेत, तिथे ‘अमुक जन्माचा म्हणून तमुक स्वभावाचा’ हे वाक्य कुठे जाऊन पोचतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. एखादा प्राणी म्हणजे ख्रिश्चन, दुसरा म्हणजे ब्राह्मण, तिसरा म्हणजे पोर्तुगीज, असं समीकरण तर चुकूनही मांडू नका. खेळाडू पाच मिनिटांत ओळखतात, आणि त्यापुढे टेबलावर कोणालाच मोकळं वाटत नाही.

पडताळणी सोपी आहे. जगाबद्दल लिहिलेलं प्रत्येक वाक्य घ्या, प्राण्याच्या जागी माणसांच्या एखाद्या समाजाचं नाव घाला आणि मोठ्याने वाचा. लाज वाटली तर वाक्य खोडा. ‘उदमांजरं रात्री चांगलं पाहतात’ हे राहील. ‘उदमांजरं चोरटी असतात’ हे जाईल. ताडा-माडावर चढून सूर पिण्यासाठी हा प्राणी प्रसिद्ध आहे, म्हणून काही उदमांजरं रेंदेर (माडाची सूर काढणारे) असणं साहजिक. पण गावात एक उदमांजर वैद्य, एक कारकून आणि एक सूर न शिवणारं कीर्तनकार असायलाच हवं.

आडनावं गावावरून द्या आणि सगळ्या प्राण्यांना सारखी द्या. दुर्भाटकर पाणमांजरही असेल आणि दुर्भाटकर खवले मांजरही. जगातली खरी फूट जमीन, कर्ज, शिक्षण आणि सरकारशी जवळीक यांवरून पडू दे. शरीरावरून होणारा अन्याय दाखवायचा तर तो नियमांमधून दाखवा, मघाच्या मालडब्यासारखा.

श्रद्धेसाठी राखणदाराची कल्पना फार कामाची. गावच्या शिवेवर, झाडाशी, पाण्याशी असलेला रक्षक गोव्यात वेगवेगळ्या धर्मांचे लोक मानतात. त्याच्याभोवती जत्रा, नवस, वाद, सगळं रचता येतं आणि कोणाच्या देवघरात पाय पडत नाही.

दिवस, रात्र आणि वास

एकाच शहरात निशाचर आणि दिवसा जागणारे एकत्र राहतात, हे प्राण्यांच्या जगाचं सगळ्यात सुंदर वैशिष्ट्य. पणजीला दोन पाळ्या द्या. पोदेराची (पाववाल्याची) भट्टी पहाटे एका पाळीसाठी आणि सांजवेळी दुसऱ्या पाळीसाठी पेटते. कचेरी दुपारी झोपते आणि काळोख पडल्यावर पुन्हा उघडते. दोन्ही पाळ्या तासभर भेटतात त्या तिन्हीसांजेला बाजार, प्रेम, मारामाऱ्या, निरोप. महत्त्वाची दृश्यं त्या तासात ठेवा.

कागदपत्रांना वास असू द्या. उदमांजराच्या ग्रंथींचा तीव्र वास अत्तरासाठी वापरला गेला आहे. तसाच वास सहीच्या जागी वापरला जातो असं धरा, की बनावट दस्तऐवज करणं हा वेगळाच धंदा होतो. १९२० नंतर जगभर पारपत्रं एकसारख्या पुस्तिकांच्या रूपात रुळत गेली. तुमच्या जगातलं पारपत्र म्हणजे छायाचित्र, पंजाचा ठसा आणि वासाची पट्टी. सर्दी झालेला जकात अधिकारी ही मग मोठी संधी.

बातम्या वर्तमानपत्रातून, तारेने आणि बोटीने येतात. गोव्याचं स्वतःचं रेडिओ केंद्र १९४६ मध्ये आलं, म्हणून १९३१ च्या गावात घरबसल्या गोव्याची बातमी ऐकवू नका. वर्तमानपत्रावर सेन्सॉरची नजर असते, त्यामुळे छापलेल्या मजकुरातली कोरी जागासुद्धा सुगावा ठरते. कचेरीची एक भाषा, कीर्तन-वर्तमानपत्राची दुसरी, घरातली तिसरी, ही आपल्या ओळखीची रचना तशीच ठेवा आणि कोणत्या पात्राला कोणती येते ते पात्राच्या कागदावर लिहा. पैशासाठी त्या काळचा रुपया आणि टांगा ही दोन नाणी, सोळा टांग्यांचा एक रुपया, हा हिशेब पुरतो. भावांची लांब यादी करू नका, मजुरी, होडीचं भाडं आणि पावाची किंमत एवढं ठरवलं की झालं.

फासे

नियम थोडके ठेवा. दोन फासे टाका, बेरीज सात किंवा जास्त आली तर काम जमलं. ही शक्यता ५८ टक्के आहे. शरीर कामाला साथ देत असेल तर तीन फासे टाकून वरचे दोन मोजा, शक्यता ८१ टक्क्यांपर्यंत जाते. शरीर आड येत असेल तर तीनांतले खालचे दोन मोजा, ती ३२ टक्क्यांवर उतरते. पोहणारा गवा आणि पोहणारं वटवाघूळ यांच्यातला फरक एवढ्यात भागतो. स्वभाव, बुद्धी, धैर्य यांना प्राण्यानुसार अंक देऊ नका. कारण वर आलंच आहे.

दुसरा नियम घड्याळाचा. खेळातला दिवस भरती-ओहोटीने मोजा. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती पन्नासेक मिनिटं उशिरा. प्रत्येक मोठं काम एक पाणी, म्हणजे भरती ते ओहोटीचा तेवढा वेळ, खातं. बांधाचं ‘बळ’ म्हणून एक अंक ठेवा, समजा दहा. प्रत्येक भरतीला एक फासा टाका, एक आला की बळ एकाने घटतं. उधाणाच्या दिवसांत एक किंवा दोन आले तरी घटतं. डागडुजीला एक पाणी आणि मजूर लागतात. टेबलाच्या मधोमध हा अंक सगळ्यांना दिसेल असा लिहून ठेवा.

पहिली बैठक

पहिला अर्धा तास खेळू नका, बोला. काय दाखवायचं नाही ते आधी ठरवा. लहान मुलांवरचा अत्याचार, खऱ्या धर्मांची टवाळी, शिकारीची रक्ताळ वर्णनं, ज्याला जे नको त्याने ते सांगावं आणि कोणी कारण विचारू नये. मग प्रत्येकाने पात्र बनवताना तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत: बांध फुटला तर तुझं काय बुडेल? गावात तू कोणाचा देणेकरी आहेस? १९१० नंतर तुझ्या घरात काय बदललं? तिसऱ्या प्रश्नाला घाई करू देऊ नका. आजी-आजोबांकडून ऐकलेल्या कितीतरी गोष्टी इथे निघतात, आणि त्या कुठल्याही पुस्तकातून मिळत नाहीत.

सुरुवात मानशीच्या लिलावापासून करा. अमावास्येला तीन दिवस आहेत, बांधाचं बळ सहावर आलंय. गावाबाहेरचा कोणीतरी नेहमीच्या दुप्पट बोली लावतो आणि पैसे रोख मोजतो. गावकरीचे अध्यक्ष मान खाली घालून सही करतात. एका पात्राला त्या नोटांना मुरगावच्या जकातीतल्या शाईचा वास येतो. खेळाडूंकडे बघा आणि विचारा, आता तुम्ही काय करता?